अण्णांच्या डोळ्यातलं फूल आणि बुबुळ बदलण्याची घाई

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. अण्णा ५८ वर्षांचे, सांगली जिल्ह्यात ऊसशेती, मधुमेहाच्या गोळ्या चालू. उजवा डोळा सहा वर्षांत पाच वेळा लाल झाला, ठणकला, उजेड सहन होईना. दरवेळी 'हर्पिस आहे' असं सांगून थेंब दिले गेले, डोळा निवळला आणि दरवेळी नजर थोडी कमी झाली. आता बुबुळाच्या (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कॉर्नियाच्या) मधोमध पांढरं फूल पडलंय आणि त्या डोळ्याने दोन फुटांवरची बोटं जेमतेम मोजता येतात. डावा डोळा चांगला आहे. शेवटचा झटका अडीच महिन्यांपूर्वीचा. एक डॉक्टर म्हणाले, बुबुळ बदलून टाकू, नाव नोंदवा. दुसरे म्हणाले, इतक्यात हात लावू नका. मोतीबिंदूही सुरू झालाय, तो सोबत काढता येईल का, आणि तोवर ट्रॅक्टर चालवला तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. पण खरा प्रश्न तुमच्या शेवटच्या ओळीत आहे: 'एकदा बुबुळ बदललं की हा रोग कायमचा जाईल ना?'

नाही जाणार. सगळं उत्तर यावरच उभं आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू बुबुळात राहत नाही. तापानंतर ओठावर पुळ्या येतात, आपल्याकडे त्याला 'जर मुतला' म्हणतात, तोच हा विषाणू. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, कानाच्या पुढे कवटीच्या आत, जाऊन बसतो. तिथून अधूनमधून तंतूच्या वाटेने खाली उतरतो. कुणाच्या ओठावर, कुणाच्या बुबुळावर. अण्णांना समजेल अशा भाषेत सांगायचं तर ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत असतो, त्याला खोडवा फुटणारच. बुबुळ बदलणं म्हणजे वरचा ऊस तोडणं. बुडख्यापर्यंत कुठल्याही सर्जनचा हात पोचत नाही. नवीन बुबुळावरही तोच खोडवा येऊ शकतो, आणि तो येऊ नये म्हणून जे करायचं ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर होत नाही, घरी गोळ्यांनी होतं.

(नागीण हा वेगळा विषाणू, कांजिण्यांचा. तोही डोळ्यात उतरतो, पण सहसा कपाळावर एका बाजूला पुरळ आधी दिसतो. पेशंट पुष्कळदा दोन्हींना नागीणच म्हणतात, म्हणून खुलासा.)

आता ते पाच झटके. ते खरंच पाच होते का, हे मला आधी बघावंसं वाटेल.

हर्पिस बुबुळाला दोन वेगळ्या तऱ्हांनी त्रास देतो. एकात विषाणू वरच्या पातळ थरात वाढतो. डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं की झाडाच्या डहाळीसारखी हिरवी जखम चमकते. एकदा पाहिली की विसरत नाही कुणी. दुसऱ्यात विषाणू फारसा वाढत नसतो, पण त्याच्या खुणांवर आपलीच प्रतिकारशक्ती बुबुळाच्या जाड मधल्या थरात चवताळते. तिथे सूज येते, रक्तवाहिन्या शिरतात, व्रण उरतो. फूल पडतं ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराने. पहिल्यात नुसतं स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, घातलं तर आगीत तेल. दुसऱ्यात मात्र स्टिरॉइडचे थेंब लागतातच, विषाणूच्या औषधाच्या संरक्षणाखाली, आणि ते फार हळू उतरवावे लागतात. अमेरिकेत १९९०च्या दशकात 'हर्पेटिक आय डिसीज स्टडी' नावाने या आजारावर बऱ्याच चाचण्या एकत्र झाल्या, आजही आम्ही त्यावर चालतो. त्यात स्टिरॉइडचे थेंब दहा आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी केले होते. दहा आठवडे! आपल्याकडे काय होतं? पाचव्या दिवशी डोळा पांढरा दिसतो, बाटली संपते, कुणीतरी 'स्टिरॉइड आहे, जास्त घालू नका' म्हणून घाबरवतं, थेंब बंद. तीन आठवड्यांनी डोळा परत लाल. मग मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली.

अशा पेशंटचे 'पाच झटके' मी कागदावर तारखांसकट लिहायला लावते आणि कितीदा तरी असं दिसतं की ते दोनच होते, प्रत्येक अर्धवट विझवलेला. हा फरक बोलायला बारीक वाटेल, पण निर्णय त्यावर फिरतो. नीट औषधं देऊनही डोळा पाच वेळा पेटला असेल तर तो नव्या बुबुळालाही छळणार. अर्धवट औषधांमुळे पेटत राहिला असेल तर अण्णांचं नशीब बरंच चांगलं आहे.

दुसरी शंका निदानाची. शेतकऱ्याच्या डोळ्यात उसाचं पान लागून बुरशी होते, तिची गोष्ट वेगळी आणि घाईची. शिवाय मायक्रोस्पोरिडिया नावाचा सूक्ष्म परजीवी आपल्या देशात आढळतो, तो बुबुळाच्या मधल्या थरात हुबेहूब हर्पिससारखी सूज करतो. महिनोन्महिने हर्पिसची औषधं चालतात आणि डोळा तेवढ्यापुरताच निवळतो. तिथे मात्र औषधं फारशी कामाची नाहीत आणि बुबुळ बदलणं हाच बहुधा खरा उपाय ठरतो. म्हणजे माझं वरचं सगळं म्हणणं तिथे उलटं! अण्णांना कधी डहाळीसारखी जखम होती का, बुबुळ कधी खरवडून तपासलं का, हे जुन्या कागदांत शोधा. आणि पुढेमागे बुबुळ बदललंच तर काढलेली चकती पॅथॉलॉजीकडे गेलीच पाहिजे, कचऱ्यात नव्हे.

आता दोन डॉक्टरांचं भांडण. मला ते भांडण वाटत नाही. पहिल्यांनी 'काय' सांगितलं, दुसऱ्यांनी 'केव्हा'.

या आजारात शस्त्रक्रिया दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी होते. एक, डोळा वाचवायला. बुबुळ पातळ होत भोक पडलं, किंवा जखम आठवडेच्या आठवडे भरतच नाही, तेव्हा थांबायची चैन नसते. लहान भोक असेल तर टिश्यूचा गोंद लावून वर मऊ लेन्स ठेवतो. जखम भरत नसेल तर गर्भाच्या पिशवीचा पातळ पापुद्रा, सिझेरियनच्या वेळी आईच्या संमतीने घेतलेला आणि तपासलेला, बुबुळावर पसरून लावतो. पापण्यांचा बाहेरचा कोपरा शिवून डोळा अर्धा मिटवतो. दिसायला ते ओंगळ, पण काम इतकं चोख करतं की नव्या डॉक्टरांना मी ते आवर्जून शिकवते. मोठं भोक असेल तर पेटलेल्या डोळ्यातही बुबुळ बसवावं लागतं, दिसण्याची आशा बाजूला ठेवून. अण्णांना अचानक डोळ्यातून कोमट पाण्याची धार लागल्यासारखं वाटलं आणि नजर एकदम गेली तर त्याच रात्री गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

दुसरं कारण, दिसण्यासाठी. अण्णांचं कारण हे आहे. इथे वेळ आपल्या हातात असते, आणि ज्या डोळ्यात वेळ हातात आहे तिथे ती वापरलीच पाहिजे. माझा नियम: डोळा किमान सहा महिने, जमलं तर वर्षभर, पूर्ण शांत हवा. शांत म्हणजे थेंबांच्या धाकाने गप्प बसलेला नव्हे. स्टिरॉइड बंद किंवा अगदी नाममात्र असताना शांत. अडीच महिने म्हणजे काहीच नाही.

हा नियम मी पुस्तकातून घेतला आणि मग स्वतः चूक करून शिकले. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक शिंपी आला होता, पस्तिशीच्या आतला. झटका निवळून दोन महिने झालेले, घरात बहिणीचं लग्न, धंद्याला डोळा हवा. मला दया आली आणि, खरं सांगायचं तर, हात शिवशिवत होते. शस्त्रक्रिया देखणी झाली. विषाणूच्या गोळ्या मी तीन आठवड्यांत बंद केल्या. सहाव्या आठवड्यात नव्या-जुन्या बुबुळाच्या सांध्यावर ती हिरवी डहाळी. तिच्यापाठोपाठ सूज, सुजेपाठोपाठ रक्तवाहिन्या, वर्षाच्या आत ते बुबुळ दुधाच्या काचेसारखं झालं. दुसऱ्यांदा बदललं, तेही फार टिकलं नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही, ते जास्त लागलं.

डोळा पेटलेला किंवा नुकता निवळलेला असताना बुबुळात रक्तवाहिन्या आणि पहारेकरी पेशी हजर असतात. निरोगी बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच दुसऱ्याचं बुबुळ शरीराच्या नजरेआड राहून टिकतं, रक्तगट जुळवल्याशिवायसुद्धा. त्या वाहिन्या असल्या की ती सवलत संपली. बुबुळाचे चार चतकोर मानले तर दोन किंवा जास्त चतकोरांत खोल वाहिन्या असणं आम्ही जोखमीचं धरतो. थांबण्याच्या काळात त्या आपोआप रोडावतात. काहींना सुईने डागून किंवा इंजेक्शन देऊन बंद करता येतं.

या थांबण्याच्या काळात हातावर हात ठेवून बसायचं नाही. मी काय काय बघते ते सांगते.

पहिलं, कापूस. महागडं यंत्र नाही, कापसाच्या बोळ्याचं टोक ओढून वातीसारखं बारीक करायचं आणि बाजूने आणून बुबुळाला हलकेच टेकवायचं. चांगल्या डोळ्याची पापणी वात टेकायच्या आतच झपकन मिटते. हर्पिसने पोळलेल्या डोळ्यात पुष्कळदा काहीच होत नाही. माणूस तुमच्याशी बोलत राहतो आणि वात बुबुळावर टेकलेली असते. बघायला अंगावर येतं. अशा बधिर डोळ्यात नवीन बुबुळ बसवलं तर त्याच्यावरची कातडी भरायला महिने लागतात, कधी भरतच नाही, कारण बुबुळाला पोसायचं काम त्याच तंतूंचं असतं. मधुमेह त्यात भर घालतो. पूर्ण बधिर डोळ्याला मी दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया शक्यतो नाही म्हणते. ही तपासणी थेंब टाकून डोळा बधिर करण्याआधी करायची असते, हेही सांगून ठेवते. घाईच्या ओपीडीत क्रम उलटा होतो.

दुसरं, कडक लेन्स. फूल म्हणजे नुसता पांढरा डाग नसतो, तिथे पृष्ठभागही खडबडीत होतो, आणि नजर पुष्कळदा डागापेक्षा त्या खडबडीने जाते. कडक कॉन्टॅक्ट लेन्स पाच मिनिटं घालून पाहिली की लेन्सखालचं पाणी खड्डे भरून काढतं आणि खरं चित्र कळतं. माझ्याकडे एक मराठीच्या शिक्षिका येतात. त्यांना तीन ठिकाणी बुबुळ बदलायला सांगितलं होतं. लेन्स लावल्यावर तक्त्याच्या खालून तिसरी-चौथी ओळ वाचली त्यांनी. आज आठ वर्षं त्या लेन्सवर आहेत, डोळ्याला सुरी लागलेली नाही. अण्णांचं फूल दाट असेल तर एवढं जमणार नाही, शिवाय शेतातली धूळ आणि बधिर डोळा असेल तर लेन्सच धोक्याची. पण पाहिल्याशिवाय ठरवू नका.

तिसरं, मोतीबिंदूचा वाटा किती. फूल थोडं बाजूला असेल आणि मोतीबिंदू पिकलेला असेल तर कधी नुसता मोतीबिंदू काढून काम भागतं. बुबुळ बदलायचंच असेल तर दोन्ही एकाच वेळी करता येतं. मात्र मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायच्या लेन्सचा नंबर तेव्हा अंदाजाने काढावा लागतो, कारण नव्या बुबुळाचा गोलावा आधी कुणालाच माहीत नसतो. म्हणून काही सर्जन आधी बुबुळ, टाके निघाल्यावर मोतीबिंदू, असं करतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. डोळ्यातला दाब, ज्याने काचबिंदू होतो, तो मात्र आधी तपासून ताब्यात हवाच. तो दुर्लक्षित राहिला तर स्वच्छ बुबुळामागे नस वाळून गेलेली सापडते.

आणि चौथं, ज्यावर कुणी बोलत नाही: डावा डोळा उत्तम असताना अण्णांना याची गरज किती? ही शस्त्रक्रिया म्हणजे दीड-दोन वर्षांच्या फेऱ्या आणि पुढे जन्मभराची जागरूकता. दोन्ही डोळे अधू असलेल्या माणसाला मी जोखीम घ्या म्हणेन. एक डोळा उत्तम असलेल्याला मी विचारते, अडतंय कशाने? कुणी म्हणतं, लोक डोळ्याकडे बघतात. त्यावर रंगीत लेन्ससारखे सोपे उपाय असतात. कुणी म्हणतं, उजवीकडून आलेली गाडी दिसत नाही. ते खरं अडणं आहे. अण्णांना स्वतःला विचारा, तुम्ही भावंडांनी परस्पर ठरवू नका.

हे सगळं होऊन करायचं ठरलंच, तर कोणती शस्त्रक्रिया? बुबुळ मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. त्याच्या अगदी आतल्या बाजूला एक पातळ पडदा आणि त्यावर पेशींचा एकच थर. तो पाणी उपसत राहतो म्हणून बुबुळ काचेसारखं राहतं. नवं बुबुळ शरीर नाकारतं तेव्हा सर्वांत घातक मार त्या थराला बसतो, कारण त्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. म्हणून अण्णांचा आतला थर शाबूत असेल तर तो त्यांचाच ठेवून वरचे जाड थर तेवढे बदलावेत, हे मला पसंत आहे. सुईने बुबुळात हवा भरली की आतला पडदा सुटा होऊन एक पांढरी चकती झर्रकन पसरते. २००२ साली अन्वर आणि टाइशमन यांनी ही 'बिग बबल' पद्धत मांडली. हर्पिसच्या व्रणात मात्र तो बुडबुडा हट्टी असतो. व्रण आतपर्यंत चिकटलेला असला की तो होतच नाही, मग एकेक पापुद्रा हाताने काढत जायचं. पडदा मध्येच फाटला तर संपूर्ण जाडीचं बुबुळ बदलावं लागतं. म्हणून संमतीच्या कागदावर दोन्ही लिहिलेलं असतं, त्याने घाबरू नका. पूर्वी भोक पडलं असेल किंवा आतला थरच सुजून गेलेला असेल तर पहिल्यापासूनच संपूर्ण जाडीचं.

संपूर्ण जाडीच्या शस्त्रक्रियेत सात-आठ मिलिमीटरची चकती गोल पात्याने कापून काढतात. मग काही मिनिटं डोळ्याला छप्परच नसतं, आम्ही त्याला 'ओपन स्काय' म्हणतो. तेवढ्यात पेशंट खोकला तर आतलं सगळं बाहेर येऊ शकतं. म्हणून मी आदल्या आठवड्यात तंबाखू-बिडी आणि खोकल्याची चौकशी नवऱ्या मुलाच्या चौकशीसारखी करते. नंतर केसाहून बारीक नायलॉनचे साधारण सोळा टाके.

'नाव नोंदवणं' म्हणजे काय, तेही सांगते. नाव ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होणार तिथे नोंदतात, नेत्रपेढी बुबुळ तिथे पाठवते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत घेतलेले डोळे, रक्ताच्या तपासण्या आणि पेशी मोजल्यावर, द्रवात ठेवून वापरतात. साध्या माध्यमात चार दिवस, चांगल्या माध्यमात दोन आठवड्यांपर्यंत टिकतात. त्यामुळे फोन अचानक येतो. बुबुळाची किंमत कुणी सांगितली तर तिथून निघा. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयव आणि उतींची खरेदी-विक्री गुन्हा आहे. तपासणी, साठवण आणि शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा, तो असतो. सरकारी योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आता ज्यावर यश ठरतं ते. गोळ्या. त्या अमेरिकी अभ्यासाच्या १९९८ साली छापलेल्या भागात ७०३ पेशंट होते. निम्म्यांना असायक्लोव्हिर ही हर्पिसविरोधी गोळी, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर्षभर. निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. वर्षात डोळ्यात हर्पिस उलटला तो गोळी घेणाऱ्यांत १९ टक्क्यांना, बाकीच्यांत ३२ टक्क्यांना. ज्यांच्या मधल्या थराला आधी त्रास झाला होता, म्हणजे अण्णांसारख्यांत, तो थर पुन्हा सुजण्याचं प्रमाण २८ वरून १४ वर आलं, बरोबर निम्मं. हे बुबुळ न बदललेल्या डोळ्यांतलं आहे. बदललेल्या डोळ्याला रोज स्टिरॉइडचे थेंब असतात, त्यामुळे तिथे गोळी आणखी गरजेची. मी शस्त्रक्रियेआधीच सुरू करते आणि स्टिरॉइड चालू असेतो बंद करत नाही, वर्षभर तर नाहीच नाही. अण्णांना मधुमेह आहे, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) बघून मात्रा ठरवावी लागेल आणि पाणी भरपूर.

माझ्या मते अण्णांनी या गोळीबद्दल आजच त्यांच्या डॉक्टरांशी बोलावं, शस्त्रक्रिया होवो न होवो. तुमच्या प्रश्नात थेंबांची पाच नावं आहेत, गोळीचं एकही नाही. सहा वर्षांत जे राहून गेलं असेल तर ते हेच असावं असा मला संशय आहे. वर्षभर गोळीवर डोळा शांत राहिला तर शस्त्रक्रियेसाठी लागणारा शांत काळही आपोआप हातात येतो.

जाता जाता, तुम्ही लिहिलंय की अण्णा उन्हात जातात, चिडचिड करतात म्हणून डोळा उलटतो असं घरात सगळे म्हणतात. त्याच अमेरिकी अभ्यासाच्या गटाने ऊन, मानसिक ताण वगैरे कारणंही तपासली होती आणि झटक्यांशी संबंध सापडला नाही. तेव्हा त्या भांडणातून त्यांना मोकळं करा.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी, मग दर आठवड्याला, मग दर महिन्याला यावं लागतं. टाके एकदम काढत नाहीत. गोलावा बघत निवडक काढतात, सगळे निघायला वर्ष-दीड वर्ष. नजर तोवर हलत राहते, चष्म्याची घाई नको. सैल झालेला टाका मात्र त्याच दिवशी निघाला पाहिजे. तो काट्यासारखा टोचतो, त्याच्यामागे रक्तवाहिनी धावत येते आणि तिच्या वाटेने नकार. चांगली बसवलेली बुबुळं एका सैल टाक्यापायी गेलेली पाहिलीत मी. 'ऊसतोड चालू होती म्हणून आलो नाही' हे वाक्य प्रत्येक वेळी त्या फाइलला जोडलेलं. म्हणून तारीख अशी घ्या की पुढचे चार महिने गाळप हंगामाच्या बाहेर असतील आणि तुमच्यापैकी कुणीतरी त्यांना घेऊन येऊ शकेल.

लाली, उजेडाचा त्रास, नजर धूसर, दुखणं. यातलं एक जरी चोवीस तास टिकलं तरी यायचं, पाच वर्षांनीसुद्धा. ते शरीराने नाकारणं असेल किंवा हर्पिस उलटला असेल. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं आणि दोन्हींचा उपाय जवळजवळ उलटा, त्यामुळे घरातल्या बाटलीने किंवा फोनवरच्या फोटोने भागत नाही. मलाही यंत्राखाली बघितल्यावर कधीकधी दोन्हींवर एकदम उपचार सुरू करावे लागतात.

म्हणजे तूर्त अण्णांसाठी: नाव नोंदवायला हरकत नाही, पण फोन आला तरी डोळा वर्षभर शांत झाल्याशिवाय टेबलावर जायचं नाही. मधल्या काळात गोळीचं बोलणं, झटक्यांचा तक्ता, कापसाची आणि कडक लेन्सची तपासणी. बधिरपणा आणि वाहिन्या किती निघतात त्यावर माझं मत दोन्हीकडे झुकू शकतं. ते इथे बसून मला सांगता येणार नाही.

ट्रॅक्टर. स्वतःच्या रानात, दिवसा, बाजूने बंद असलेला गॉगल लावून चालवू दे. गॉगल उन्हासाठी नाही, पाचटासाठी आहे. बधिर डोळ्यात कुसळ गेलं तर त्यांना कळणारही नाही. ट्रॉली जोडून कारखान्याच्या रस्त्याला मात्र नको. उजवीकडून ओव्हरटेक करणारी मोटरसायकल त्यांना दिसणार नाही, आणि अंतराचा अंदाज एका डोळ्याने चुकतो. तुमचा भाऊ चालवतो असं लिहिलंयत, तर हंगामभर ते काम त्याच्याकडे द्या.